शहागडला उजेड मोजायला गेलो तेव्हा

शहागडहून येऊन मला बारा दिवस झाले. मी कामाला जाते त्या शेडनेटमधल्या बाया रोज विचारतात, "सुमनबाई, काय पाह्यलं तिकडं? पोरगी कशाचं मशीन लावून राह्यली होती?" मी म्हणते, "चांगलं होतं बाई." एवढ्यावर थांबते. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ वळत नाही, हे त्यांना माहीत आहे. त्या हसतात आणि आपापल्या ओळीला लागतात.

पण सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मी चौथीपर्यंत शिकले. वाचायला आवडते, लिहायलाही. वहीसमोर कोणी बसलेले नसते, म्हणून तिथे भीती वाटत नाही. ज्यांनी शहागड पाहिले नाही आणि उजेड मोजताना कोणाला पाहिले नाही, त्यांच्यासाठी लिहिते आहे असे धरून लिहिते. दाखवणार कोणाला नाही.

टेंभुर्णीहून निघालो

माझी मुलगी प्रज्ञा पुण्याला एका प्रयोगशाळेत संशोधन करते. चार वर्षे झाली. थंडी सरत आली तेव्हा ती घरी आली, म्हणाली, "आई, चार दिवस माझ्यासंगं शहागडला चल. हायवेकडंची खोली हाय, एकटीनं राहायला नको वाटतं. तू सैपाक कर, मी काम करते." मी मुकादमीणबाईला सांगून चार दिवस सुट्टी घेतली.

सकाळच्या गाडीने जालन्याला निघालो. प्रज्ञाने मांडीवर एक खोके धरले होते, बाळाला धरावे तसे. रस्त्याला खड्डा आला की ती ते दोन्ही हातांनी वर उचलायची. कंडक्टर म्हणाला, "ताई, वर ठेवा की सामान." ती म्हणाली, "न्हाई दादा, ऱ्हाऊ द्या." मी विचारले, "एवढं काय हाय त्यात?"

ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले. मला समजले ते असे. उजेड पाण्यासारखा सलग दिसतो, पण तो दाण्यादाण्यांचा असतो. एक दिवा लावला की इतके दाणे सुटतात की मोजणे शक्य नाही. प्रज्ञाने असे यंत्र केले आहे की त्यातून एका वेळी उजेडाचा एकच दाणा निघतो. ते यंत्र जालन्यात एका कॉलेजच्या खोलीत ठेवले होते. तिथे तिचा कामातला जोडीदार संकेत बसणार होता. जमिनीखालून गेलेल्या काचेच्या बारीक तारेतून तो दाणा अंबडवरून शहागडला येणार, आणि मांडीवरच्या खोक्यातले यंत्र तो पकडणार. त्या यंत्राला डिटेक्टर म्हणतात.

मी म्हणाले, "मंग एकच दाणा कशाला? पोतंभर पाठव ना."

"पोत्यातून कोणी चार दाणे काढले तर तुला कळंल का?"

"न्हाई कळायचं."

"एकच पाठवला तर? गेला तर गेला, बराबर कळतं. आन् बीचात कोणी त्याला नुसतं पाह्यलं तरी तो बिघडतो, तेबी कळतं. म्हणून आई, ह्यातून कुलपाची चावी पाठवता येते. बँकेची, दवाखान्याची, सरकारची. चोरून कोणी वाचूच शकत न्हाई."

खिडकीतून मोसंबीच्या बागा मागे जात होत्या. मी विचारले, "आन् न्हाई जमलं तर?"

तिने खोक्यावरचा हात काढला नाही. "पुण्याच्या खोलीत हे चालतं. खऱ्या जमिनीतून, उन्हातून, ट्रकांच्या रस्त्याकडनं चालतं का, ते पाह्यचं हाय. सगळे म्हणत होते, पुण्यातच करा. मीच हट्ट धरला, आपल्या जिल्ह्यात करू. तिसऱ्या दिवशी तपासणीची समिती येणार. तोवर पकडलेल्या दाण्यांचा आकडा टिकलेला दिसला पाह्यजे. न्हाई टिकला तर हे यंत्र दुसऱ्या गटाला देतील, आन् माझं काम तिथंच संपलं."

पुढे अंबडपर्यंत खड्डा आला की मीही खोक्याखाली हात धरत होते.

शहागड, पहिला दिवस

आमच्याकडे टेंभुर्णीला विहिरीतले पाणी मोजून वापरतात. इथे पुलावरून गोदावरी दिसली तेव्हा मला वाटले, एवढे पाणी उघड्यावर ठेवून माणसे झोपतात तरी कशी. दोन्ही काठांना ऊस. उसाच्या ट्रॉल्या, ट्रक, टँकर, आणि त्यांच्यामध्ये शेळ्या हाकत चाललेली एक म्हातारी, कोणाकडे न बघता. मी तो रस्ता ओलांडायला पाव तास उभी होते.

खोली हायवेला लागून होती. पूर्वी फोनची यंत्रे ठेवायचे, आता रिकामी. काचेची तार तिथेच जमिनीतून वर आली होती. शेजारच्या दुसऱ्या खोलीत आम्ही राहणार. मागच्या घरात सिंधूबाई म्हणून एक बाई. तिने आल्या आल्या नदीचे मासे आणून दिले. मी भांडे हातात धरून उभी राहिले तर म्हणाली, "काय हो, टेंभुर्णीच्या बाया मासे नुसत्या पाहत्यात का, का शिजवत्यात बी?" मी लाजले. आमच्याकडे सुकट बोंबील होतो, ताजा मासा क्वचित. मग तिनेच चिंच घालून कालवण शिकवले. इकडे ज्वारीची भाकरी आमच्यापेक्षा जाड थापतात आणि ठेच्यात शेंगदाणे घालत नाहीत.

प्रज्ञाने यंत्राच्या खोलीची खिडकी काळ्या कापडाने झाकली. टेबलावरूनही काळे कापड खालपर्यंत सोडले. भिंतीतून आलेल्या तारेला तिने एक पिवळी, धाग्याएवढी वायर जोडली आणि ती डिटेक्टरात घातली. मग बाहेर जाऊन फोन लावला, "संकेत, सोड," आणि पळत आत आली.

पडद्यावर आकडा आला. चार आकडी. खाली-वर होत होता, पण चार आकड्यांच्या खाली जात नव्हता. ट्रक गेला की थरथरायचा. प्रज्ञाच्या खांद्यांतला ताण उतरलेला मला मागून दिसला.

"हे समदे दाणे?" मी विचारले.

"समदे न्हाई. काही खोटे ठोके असतात. दाणा आलेला नसताना डिटेक्टरला वाटतं आला. अंधारातबी वाटतं. ते थोडेच हायेत, पण कधी संपत न्हाईत. खरे दाणे कमी झाले की खोट्यांचा वाटा वाढतो, आन् मंग चावी बनत न्हाई."

हे मला लगेच कळले. आमच्या बियाण्याच्या प्लॉटात असेच असते. खोटे बी थोडे असले तर चालते. खरे कमी पडले की सगळा माल नापास.

दुसरा दिवस

सकाळी प्रज्ञा संकेतशी बोलायला बाहेर गेली. खोलीत रेंज येत नव्हती, रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली यायची. जाताना म्हणाली, "आई, टेबलावरच्या कशाला हात लावू नको." मी लावला नाही. खाली मात्र धूळ फार होती, ट्रकांची. मी झाडायला घेतले. ती पिवळी वायर टेबलामागे जमिनीवर वेटोळी होऊन पसरली होती, पायात येत होती. कोणी अडखळले तर यंत्रच खाली येईल, असे वाटले.

नेटमध्ये आम्ही मिरचीच्या फुलाला हाताने परागकण लावतो आणि लावलेल्या फुलाच्या देठाला दोरा बांधतो. दोऱ्याची आटी करायची सवय हाताला इतकी आहे की डोळे मिटून होते. मी ती वायर दोन बोटांभोवती आटीसारखी घट्ट गुंडाळली. कमरेच्या पिशवीत लाल दोरा असतोच. त्याने बांधली, पक्की गाठ मारली, आणि कोणाच्या पायात येऊ नये म्हणून कापडाखाली सरकवली. मग कोपरे झाडून भाकरी टाकायला गेले. स्वतःवर खूश होते.

तव्यावर तिसरी भाकरी असेल. प्रज्ञाची हाक आली, पण माझ्यासाठी नव्हती. ती पुन्हा लिंबाखाली जाऊन फोनवर ओरडत होती, "संकेत, तू काय बदललं? काहीच न्हाई? मंग दाणे कुठं गेले?"

मी दारातून पाहिले. चार आकडी आकडा दोन आकडी झाला होता.

मग दिवसभर तेच चालले. तिने यंत्र बंद करून चालू केले. संकेतने तिकडून सगळे तपासले. मग तार जोडणाऱ्या माणसाला बोलावले. त्याचे नाव रफीकभाई. अंबडचा, चाळिशीचा, मोटारसायकलवर मागे जोडणीचे मशीन बांधून, थट्टा-मस्करी करतच आला. त्याने तार तपासून सांगितले, "मॅडम, गडबड जालन्याकडं न्हाई. इथंच हाय, एकदम आखरीला. माझ्या मशीनला आखरीचे पाच-सात मीटर साफ दिसत न्हाईत. खोलीत कोणी हात तो नहीं लगाया?"

"आत कोणी गेलंच न्हाई," प्रज्ञा म्हणाली. "तुमचा बाहेरचा जोड तपासा."

मी तिथेच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. ती खोटे बोलली नाही. तिच्या मनात तसेच होते. माझ्याही मनात काही आले नाही. वायर कापलेली नव्हती, तुटलेली नव्हती. नीट करून ठेवली होती. नीट ठेवलेल्या वस्तूने काय बिघडते?

रफीकभाईने रस्त्याकडेचा खड्डा उकरला, उन्हात छत्री धरून जोड कापला, पुन्हा केला. आकडा हलला नाही. दिवस मावळायला आला. प्रज्ञाने पुण्याला कळवले की बाहेरचा जोड खराब आहे, त्यामुळे आकडा पडला. त्या दिवशी ती जेवली नाही. मी भाकरी पुढे केली तर म्हणाली, "आई, उद्या दुपारी ते येतील. मी त्यांना काय दाखवू?"

तिसरा दिवस

सकाळी रफीकभाई पुन्हा आला, पण कालची थट्टा-मस्करी गेली होती. मी चहा दिला. तो खड्ड्याच्या काठावर बसला आणि माझ्याशीच बोलू लागला, जसे लोक न बोलणाऱ्या माणसाशी बोलतात.

"मावशी, ह्यो जोड मी माझ्या हातानं मारल्ता. बिलकुल साफ. काल ठेकेदाराचा फोन आल्ता. बोल्या, तेरा जोड खराब निकला, ये काम आखरी, इसके बाद आना मत. सोळा साल झाले ह्या कामात."

त्याने पिशवीतून काचेच्या तारेचा एक पिवळा तुकडा काढला आणि पेनासारखी एक वस्तू त्याला लावली. तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल ठिपका उमटला.

"पाहा. बाल के जैसी पतली काच, पर लाइट कैसी सीधी जाती. ही तुटत न्हाई जल्दी. एकच गोष्ट हिला चालत न्हाई."

त्याने तो तुकडा बोटाभोवती घट्ट गुंडाळला. टोकाचा ठिपका मंदावला. आणि बोटावरचा सगळा वेढा लाल लाल पेटला, आतून रक्त दिसावे तसा.

"लाइट वळत न्हाई मावशी एवढ्यात. मोडून वळवली, की समदी बाहेर सांडते. तार शाबूत, पर अंदर कुछ नहीं."

माझ्या हातात चहाची बशी होती. मी ती खाली ठेवली.

मी खोलीत गेले. प्रज्ञा लिंबाखाली फोनवर होती. कापड वर केले. आटी तिथेच होती, लाल दोरा, माझी गाठ. फूल खुडायची छोटी कात्री पिशवीत होती, ती मी काढली. दोऱ्याखाली तिचे टोक घातले. एक दाब, आणि कोणाला काही कळणार नव्हते. आकडा वर येईल, पोरगी हसेल, समिती येईल.

मग मला दिसले पुढचे. रफीकभाईने काल जोड पुन्हा केला आहे, आत्ताही तो त्या खड्ड्यापाशीच आहे. आकडा आत्ता वर आला तर सगळे म्हणतील, म्हणजे आधीचा जोड खरेच खराब होता.

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, इथे लिहिते. नेटमध्ये मी नवी असताना एका दुपारी मला ताप होता. फुले उमलायच्या आधी त्यातले पुंकेसर काढायचे असतात. राहून गेलेले फूल आपणच खुडून टाकायचे आणि मुकादमीणबाईला सांगायचे, हा आमचा नियम. माझी अर्धी ओळ राहिली. सकाळी ती फुले उमललेली होती. मी खुडली नाहीत, सांगितले नाही. बोलायची लाज वाटली, बाकी काही नाही. त्या हंगामात त्या प्लॉटचे बी नापास झाले. दुसऱ्या एका बाईवर आळ आला, तिने काम सोडले. ती नंतर बाजारात भेटायची, मला रामराम करायची.

मी कात्री बाहेर काढली. लिंबापर्यंत गेले. प्रज्ञाने हाताने खूण केली, थांब. मी तिचे मनगट धरले आणि ओढत खोलीत आणले. ती म्हणत होती, "आई, काय चाललंय? सोड, आई!" मी कापड वर केले.

"हे मी बांधलं. काल. झाडताना."

तिने पाहिले. आधी तिच्या चेहऱ्यावर काही आले नाही. मी कात्री पुढे केली, "कापू का?"

"हात लावू नको!"

एवढ्या मोठ्याने ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती. तिने घड्याळ पाहिले, आटीचा फोटो काढला, मग माझ्या हातातून कात्री घेऊन स्वतः दोरा कापला. आटी हळूहळू सैल झाली, झोपलेले जनावर अंग सोडते तशी. तिने एकेक वेढा मोठा केला. पडद्यावर दोनाचे तीन आकडे झाले. मग चार.

आम्ही दाराबाहेर आलो तसा तिच्या हातातला फोन वाजायला लागला. संकेत असणार. प्रज्ञाने तो उचलला नाही. ती सरळ खड्ड्यापाशी गेली. "भाऊ, जोड तुमचा बराबर होता. दोन्ही वेळा. चूक आमच्या खोलीत होती. मी ठेकेदाराला आत्ता फोन करते, पुण्यालाबी कळवते."

रफीकभाईने घाम पुसला. सगळे ऐकून माझ्याकडे वळला. "मावशी! क्या गाठ मारी तुमने! सोळा साल में मैंने ऐसी गाठ नहीं देखी. चला आमच्याकडं कामाला. पण केबलला हात लावायचा न्हाई हां, नुसता चहा करायचा." तो हसला, मी पदर तोंडाला लावला. प्रज्ञा हसली नाही.

जेवताना ती भिंतीकडे तोंड करून बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "काल का न्हाई बोलली? मी विचारलं होतं ना, आत कोणी हात लावला का."

"मला न्हाई विचारलं तू," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नवा वाटला. "रफीकभाईनं तुला विचारलं. तू सांगितलं, आत कोणी गेलंच न्हाई. मी तिथंच उभी होते, तांब्या घेऊन."

तिने घास खाली ठेवला.

दुपारी समितीची गाडी आली. दोन पुरुष आणि एक वयस्क बाई. बाईंना सगळे मॅडम म्हणत होते, त्यांचाच शब्द शेवटचा दिसत होता. त्यांनी चहा नको म्हटले आणि पडद्यावर दोन दिवसांच्या आकड्याची रेघ मागितली. रेघ एका ठिकाणी कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती आणि दुसऱ्या ठिकाणी तशीच वर आली होती.

"तुमच्या कळवण्यात जोड खराब असं होतं," मॅडम म्हणाल्या.

"ते चुकीचं होतं, मॅडम. आज सकाळी मी दुसरं कळवलंय."

"वाचलं. खोलीची वही दाखवा."

खोलीत कोण आले, किती वाजता, कशाला, हे लिहायची एक वही प्रज्ञा ठेवत होती. मॅडमनी पाने उलटली. प्रज्ञाचे येणे-जाणे लिहिलेले होते, रफीकभाईचे होते. रेघ पडली त्या वेळेपुढे पान कोरे होते.

"या वेळी आत कोण होतं?"

"आई होती. झाडत होती."

"मग आईचं नाव कुठाय?"

प्रज्ञाची मान खाली गेली. "ती... घरचीच आहे, मॅडम."

"घरची असली तरी दार उघडून आत गेलीच ना?"

बाहेरून उसाची ट्रॉली गेली, जमीन हलली. मॅडम माझ्याकडे वळल्या. मी दारामागे सरकत होते ते त्यांनी पाहिले. "तुम्हाला लिहिता येतं का?"

मी मान हलवली. "चौथी झाली माझी."

"मग काल काय केलंत ते तुम्हीच लिहा. आठवेल तसं."

पेन घामाने निसटत होते. चार माणसे बघत होती. मी लिहिले. मॅडमनी वही उचलून मोठ्याने वाचले, "सकाळी साडेदहाच्या सुमारास. वायर पायात येत होती म्हणून दोन बोटांवर गुंडाळून लाल दोऱ्याने बांधली. काळ्या कापडाखाली ठेवली. सुमन." माझे लिहिलेले कोणी मोठ्याने वाचण्याची ती पहिलीच वेळ. कानांतून वाफा निघाल्या.

"समजलं," त्या म्हणाल्या. मग प्रज्ञाला म्हणाल्या, "कालचा दिवस मी धरणार नाही. आत्तापासून उद्या बारा वाजेपर्यंत सलग टिकलं, तर सही करीन. नाही टिकलं, तर यंत्र आमच्याच गाडीतून परत जाईल."

शेवटचा दिवस

समिती जवळच्या लॉजवर राहिली होती, सकाळी आठलाच हजर झाली. मी त्या दिवशी झाडले नाही. खोलीबाहेर दगडावर बसले, दोन्ही हात मांडीत. सिंधूबाई येऊन विचारून गेली, "पोटात दुखतंय का?" हायवेवर प्रत्येक ट्रक आला की मला त्याचा राग यायचा. भरलेला ट्रक दुरूनच ओळखू यायला लागला, त्याचा आवाज आधी पायांना लागतो.

साडेदहा झाले. अकरा झाले. अकराला लाइट गेली.

आमच्याकडे लाइट गेली तर कोणी मान वर करत नाही. इथे आतून तिघांचे आवाज एकदम आले. मी उठून दारापाशी गेले, आत पाऊल टाकले नाही. यंत्र बॅटरीवर चालू होते. पण डिटेक्टर आतून बर्फापेक्षा कितीतरी थंड ठेवावा लागतो, आणि बॅटरीवर तो नीट थंड राहीना. प्रज्ञा दुसऱ्या छोट्या आकड्यावर बोट ठेवून होती. "खोटे ठोके वाढत आहेत," ती म्हणाली. मॅडमनी विचारले, "बॅटरी किती वेळ?" "अर्धा तास, मॅडम." एक सर म्हणाले, "थांबवायचं का?" प्रज्ञा म्हणाली, "न्हाई सर. अजून हद्दीत आहे." पुण्यात ती आमच्यासारखे बोलत नाही. त्या क्षणी तिला भान नव्हते.

तिच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. वीस मिनिटे गेली असतील. सिंधूबाईच्या घरातला पंखा खडखडला तेव्हा मला आधी कळले, आतल्या माणसांना मग. खोटे ठोके उतरायला लागले, हळू, एकेक करून.

बारा वाजले. मॅडमनी घड्याळ पाहिले, आकडा पाहिला, पुन्हा घड्याळ पाहिले. आणखी पाच मिनिटे तशाच उभ्या राहिल्या. मग खुर्चीवर बसून कागद पुढे ओढला आणि सही केली. "पावसाळ्यात पुन्हा लावा," त्या प्रज्ञाला म्हणाल्या. "ओल्या जमिनीत बघू." म्हणजे यंत्र तिच्याकडेच राहणार.

प्रज्ञाने लिंबाखाली जाऊन संकेतला फोन लावला आणि फक्त "झालं" म्हणाली. तिकडून तो ओरडत होता ते दारापर्यंत ऐकू आले.

गाडी गेल्यावर ती माझ्याकडे आली. माझ्याशेजारी दगडावर बसली. डोळे लाल होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "चार दिवस झाले, तू आकडा नीट जवळून पाह्यलाच न्हाई. चल, सामान भरायच्या आधी दाखवते."

मी उठले आणि तिच्या मागे निघाले. दाराशी तिने मला थांबवले. खोलीची वही भिंतीला टेकवून धरली, पेन दिले. मी वेळ लिहिली, नाव लिहिले. 'कशाला' असे लिहिलेल्या रकान्यापाशी थोडी थांबले.

मग लिहिले, "बघायला." आणि आत गेले.